आधी विचारणारा मेस्त्री

मोटारसायकल आपल्या मनासारखी बांधून घ्यायची म्हटलं की डोळ्यांसमोर आधी टाकी येते, मग सीट, मग सायलेन्सर. रंग कोणता, पट्टा कुठून कुठवर, हँडल उंच की आडवं, यावर हौशी माणूस महिनोन्महिने विचार करतो. ते योग्यच आहे, कारण गाडी डोळ्यांत भरल्याशिवाय तिच्यासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. पण गाडी रस्त्यावर एकसंध राहते ती ज्या वस्तूंमुळे, त्या या यादीत कुठेच नसतात. जुन्या बुलेटच्या चासीला दुसऱ्या गाडीचे जाड फोर्क आणि डिस्क ब्रेक लावायचं ठरलं, की स्टेम नवा करावा लागतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगच्या जागा नव्या मापाने कापाव्या लागतात, पुढचा अ‍ॅक्सल बदलतो, चाक फोर्कच्या बरोबर मध्यावर यावं म्हणून दोन्ही बाजूंचे स्पेसर नव्याने करावे लागतात आणि डिस्क हबवर बसवायला मधे एक अ‍ॅडॅप्टर लागतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत दुचाकीचं जवळजवळ सगळं मिळतं. या वस्तू मात्र मिळत नाहीत, कारण त्या आधी कुणी केलेल्याच नसतात. त्या एका गाडीसाठी, एकदाच, लेथसमोर उभा असलेला कुणीतरी माणूस त्या करतो. पूर्ण झालेली गाडी पाहायलाही बहुधा तो येत नाही. चालवणाऱ्याचा जीव मात्र त्याच्या कामावर तोललेला असतो.

हा माणूस शोधायचा कसा, याची नेहमीची उत्तरं तीन आहेत. यंत्र किती नवं आहे ते पाहा, नाव किती मोठं आहे ते विचारा आणि भाव दोन-चार ठिकाणी ताडून पाहा. तिन्ही उत्तरं अपुरी आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भोसरीच्या गल्ल्यांत, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये लेथची वाण कधीच नव्हती. १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे आणि पुढे एचएमटीचे लेथ आजही अनेक लहान वर्कशॉपांत रोज चालतात आणि नीट राखलेले असतील तर नव्या यंत्राच्या तोडीचं काम देतात. तेव्हा धातू कापून देणारे हात दुर्मीळ नाहीत. नाव म्हणाल तर ते बहुतेकदा एखाद्याच प्रकारच्या कामासाठी झालेलं असतं. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये ज्याचा हात धरणारा नाही, त्याला मोटारसायकलचा क्रँक नवा असू शकतो. माझं म्हणणं असं, की भरवशाचा मशिनिस्ट ओळखण्याची खूण एकच आहे: काम हातात घेण्याआधी तो काय विचारतो. हा भाग कुठे बसणार, त्याच्याशेजारी काय फिरणार, त्यावर भार कोणता येणार, तो गरम किती होणार, हे न विचारता जो केवळ ‘किती एमएम?’ एवढंच विचारतो, त्याचं यंत्र कितीही चांगलं असो, त्याच्याकडे अशा गाडीचं काम देऊ नये. ही केवळ स्वभावाची गोष्ट नाही. प्रत्येक प्रश्नामागे धातूचा आणि यंत्राचा एकेक नियम उभा आहे.

सगळ्यात साधी वस्तू घेऊ, चाकाचा स्पेसर. चाकाच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्या मधोमध, हबच्या पोटात, एक नळीसारखा स्पेसर असतो. बाहेरून तो दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अ‍ॅक्सलचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगांच्या आतल्या कड्यांतून आणि या नळीतून जातो. नळीची लांबी हबमधल्या दोन बैठकांच्या अंतराशी जुळली पाहिजे. ती नुसती ०.३ मिमी आखूड पडली, तरी नट आवळताच दोन्ही आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, छर्रे खाचेच्या तळाशी फिरायचे सोडून बाजूच्या भिंतीवर घासू लागतात, बेअरिंग तापतं आणि लवकरच आवाज करू लागतं. आता गिऱ्हाईक काय करतं? जुनी नळी आणून टेबलावर ठेवतं आणि सांगतं, ‘अगदी अशीच करून द्या.’ पण ती जुनी नळी वर्षानुवर्षं दाब सोसून दोन्ही तोंडांशी चेपलेली असते. तिचं माप बिनचूक घेऊन हुबेहूब नवी नळी करणारा टर्नर जुना दोष नव्या लोखंडात उतरवतो. दिलेल्या सॅम्पलप्रमाणे पाहिलं तर त्याचं काम निर्दोष आहे आणि गाडीच्या दृष्टीने ते चूक आहे. विचारणारा मेस्त्री सॅम्पल बाजूला सारतो आणि म्हणतो, ‘हब घेऊन या.’ मग तो डेप्थ गेजने दोन्ही बैठकांची खोली मोजतो, त्यावरून लांबी काढतो, आणि जुन्या नळीचा उपयोग फक्त तिचा व्यास आणि घडण समजून घेण्यापुरता करतो. दोघांच्या हातातलं कसब सारखं असेल, लेथही एकाच कंपनीचा असेल. फरक आहे तो ‘हब घेऊन या’ या तीन शब्दांचा.

दुसरं उदाहरण इंजिनाच्या पोटातलं. जुन्या इंजिनात बेअरिंगचं घर ढिलं होतं, ही नेहमीची तक्रार. त्यावरचा नेहमीचा उपायही ठरलेला आहे: घराच्या आतल्या भिंतीवर सेंटर पंचने ठोके मारायचे, धातू जागोजागी वर उठवायचा आणि बेअरिंग ठोकून बसवायचं. टेबलावर ते घट्ट बसतं, हाताने हलत नाही, गिऱ्हाईक समाधानाने जातं. पण क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची असते आणि बेअरिंग पोलादाचं. एक अंश तापमान वाढलं की अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२ मायक्रॉन. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिमी धरा आणि इंजिन थंड असताना आणि तापल्यावर यांत ८० अंशांचा फरक धरा. या दोहोंच्या वाढीत ०.०५ मिमीच्या आसपास तफावत पडते. म्हणजे थंडपणी ०.०२ मिमी दाबून बसवलेलं बेअरिंग गाडी तापली की आपल्या घरात ०.०३ मिमीने सैल झालेलं असतं. मग बाहेरचं कडं घरात फिरू लागतं, पंचचे उंचवटे काही दिवसांत सपाट होतात आणि घर आधीपेक्षा मोठं होतं. ज्याला हा हिशेब माहीत आहे तो विचारतो, ‘हे घर किती तापतं?’ तो घर मोठं करून त्यात बाही (स्लीव्ह) ठोकतो, मग ती बाही मापात बोअर करतो आणि बोअर करताना डायल गेजचा काटा समोरच्या घरावर फिरवून दोन्हींचा मध्य एका रेषेत आहे ना ते आधी पाहतो. शेवटी केस तापवून बेअरिंग अलगद सोडतो, हातोडा लावत नाही. या कामाला पंचच्या ठोक्यांच्या कितीतरी पट वेळ लागतो. टेबलावर मात्र दोन्ही कामं सारखीच घट्ट दिसतात. म्हणूनच दिसण्यावरून पारख होत नाही.

तिसरा नियम शिकायला माणसांना जीव गमवावे लागले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मेले. ज्या अ‍ॅक्सलने आदल्या दिवसापर्यंत तोच भार वाहिला, तो एकाएकी का तुटावा, हा प्रश्न युरोपभरच्या इंजिनिअरांना पडला. विल्यम रँकिन हा तेव्हा विशीतला स्कॉटिश इंजिनिअर. तुटलेल्या अ‍ॅक्सलांचा अभ्यास करून त्याने दाखवलं, की व्यास जिथे एकदम बदलतो त्या काटकोनी खांद्याशी तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो. म्हणून तो कोपरा गोलाई देऊन उतरता करावा. पुढे १८५० आणि १८६० च्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर याने अ‍ॅक्सल पुन्हा पुन्हा वाकवून पाहण्याचे प्रयोग केले आणि सिद्ध केलं, की एका झटक्यात जो भार लोखंड सहज पेलतं, तोच लाखो वेळा येत राहिला तर ते तुटतं. मोटारसायकलचा अ‍ॅक्सल आणि स्टेम हे त्याच जातीचे भाग आहेत. लेथवर पायरी कापताना टोकदार टूल वापरलं तर कोपरा सुरेख, धारदार निघतो आणि दिसायला जास्त नीटस वाटतो. गोलाईचं टूल वेगळं घासून घ्यावं लागतं; शिवाय समोर बसणाऱ्या भागाच्या तोंडाला तेवढाच उतार द्यावा लागतो, नाहीतर तो खांद्याला टेकत नाही. ‘यावर ब्रेकचा भार येणार का?’ हे ज्याने विचारलं तोच ही जास्तीची मेहनत घेतो. तोच पुढे धातूचंही विचारतो: साधा एमएस चालेल, इएन ८ घ्यायचा, की इएन २४ आणून पाणी चढवून घ्यायचं. भंगारातून उचललेला चकचकीत शाफ्ट कशाचा आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याला त्याचं काही वाटत नाही त्याने केलेल्या अ‍ॅक्सलवर पुढचं चाक लावणं म्हणजे आपला जीव आपणच टांगणीला लावणं.

आट्यांची गोष्ट याहून बारीक आहे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांमध्ये ५५ अंशांचे व्हिटवर्थ घराण्यातले आटे आणि ६० अंशांचे सायकल आटे शेजारी शेजारी नांदतात आणि नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये त्यांत मेट्रिकची भर पडलेली असते. ५/१६ इंची सायकल बोल्टचा व्यास ७.९४ मिमी आणि इंचाला २६ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.९७७ मिमी. एका मिमीच्या आट्यांचा ८ मिमीचा नट त्यावर बोटांनीही चढतो, थोडा सैल वाटतो, पान्याने आवळला की बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात भार सगळ्या आट्यांवर न पडता एका टोकाच्या एकदोन आट्यांवर पडलेला असतो. पिच गेज लावल्याशिवाय नवा बोल्ट करायला न घेणारा माणूस वेळ घालवत नसतो, हे यावरून कळावं. तीच गोष्ट सिलिंडर बोअरिंगची. जाणता बोअरिंगवाला पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडरला टूल लावत नाही. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर तो विसंबत नाही. पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने स्वतः मोजतो, पिस्टन कास्ट आहे की फोर्ज्ड ते विचारतो, कारण फोर्ज्डला मोकळीक जास्त ठेवावी लागते, आणि मग त्या एका पिस्टनसाठी ते एक सिलिंडर तयार करतो. ‘पिस्टन नंतर आणतो, तुम्ही तोवर बोअर करून ठेवा,’ असं म्हणणाऱ्याला जो परत पाठवतो, त्याचा पत्ता जपून ठेवावा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की आता सीएनसी आली, मायक्रॉनमध्ये काम होतं, तेव्हा माणसाच्या प्रश्नांवर एवढा भर कशाला? सीएनसीचं मोल मी कमी मानत नाही. सांगितलेलं माप ती हजार वेळा सारखं देते, आणि ही थोर गोष्ट आहे. पण तिला माप सांगावं लागतं. कारखान्यात एखादा अ‍ॅक्सल सीएनसीवर चढतो तेव्हा त्याबद्दलचे सगळे प्रश्न आधीच विचारून झालेले असतात. भार किती, हे डिझाइन विभागाने विचारलेलं असतं, धातू कोणता, हे प्रयोगशाळेने, गोलाई किती, हे ड्रॉइंगवर छापलेलं असतं, पहिला नग तपासणी विभागाने मोजलेला असतो आणि तयार गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचण्यांतून गेलेली असते. ऑपरेटरने एकही प्रश्न विचारला नाही तरी चालतं, कारण त्याच्या मागे एवढी माणसं विचारून बसली आहेत. एकट्या गाडीसाठी एकदाच होणाऱ्या भागाच्या मागे यांतलं कुणीच नसतं. डिझाइन विभाग, प्रयोगशाळा, ड्रॉइंग ऑफिस, तपासणी, चाचणी ही पाचही खाती बांधणारा आणि मेस्त्री या दोन माणसांत येऊन मिळतात. त्यांतला एक गप्प बसला तर निम्मी खाती बंद पडली असं समजावं. यंत्र जितकं बिनचूक, तितकी चुकीची आज्ञाही ते बिनचूकपणेच पाळणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचार करणं हे बांधणाऱ्याचं काम. त्याने पूर्ण ड्रॉइंग द्यावं, मशिनिस्टने तेवढं करून द्यावं, प्रत्येकाने आपापल्या कामाची जबाबदारी घ्यावी, असं म्हणणारे लोक आहेत. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. ड्रॉइंग परिपूर्ण असेल, कुठल्या पृष्ठावरून मोजायचं ते त्यात ठरवलेलं असेल, प्रत्येक मापाला किती सूट चालेल ते लिहिलेलं असेल, धातू आणि त्याचा कडकपणा नोंदवलेला असेल, तर मशिनिस्टने निमूट काम करावं. पण असं ड्रॉइंग घेऊन येणारे बांधणारे किती? बहुतेक ठिकाणी वहीच्या कागदावर पेन्सिलीची आकृती असते आणि तीन मापं. शिवाय जे ड्रॉइंग करतात त्यांच्याकडून उलटी चूक होते. संगणकावर काढलेल्या चित्रात ते प्रत्येक मापाला ०.०१ मिमीची सूट लिहून टाकतात, स्पेसरच्या बाहेरच्या अंगालासुद्धा, ज्याला हवेशिवाय काहीच शिवत नाही. विचारणारा मेस्त्री तिथे म्हणतो, ‘साहेब, हे बाहेरचं माप एवढं कशाला? बेअरिंग बसतं तेवढी जागा मी नीट देतो, बाकीला दोन दशांश सोडा, तुमचे पैसेही वाचतील.’ म्हणजे प्रश्न काम वाढवतो तसं कमीही करतो. सूक्ष्मता कुठे हवी आणि कुठे नको, हे दोन्ही त्यातूनच कळतं. ड्रॉइंगमुळे संवादाची गरज संपत नाही. ड्रॉइंग चांगलं असेल तर संवाद अधिक नेमका होतो, एवढंच.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. एवढे हिशेब न करता पिढ्यान्‌पिढ्या मेस्त्रींनी गाड्या चालत्या ठेवल्याच ना? ठेवल्या, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या चालल्या त्याच आपल्याला दिसतात. ज्या चालल्या नाहीत त्यांचा हिशेब भंगाराच्या दुकानात गेला. दुसरं असं, की जुनी बुलेट ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकची, सावकाश फिरणारी आणि पोलादाच्या बाबतीत सढळ हाताने घडवलेली गाडी होती. पुष्कळ चुका ती पोटात घालत असे. तिच्यावर रुंद टायर, मोठी डिस्क आणि वाढवलेलं इंजिन लादलं की ती सढळता संपते. जुगाडाचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचं नाव नेहमी घेतलं जातं. १९२० सालची इंडियन स्काउट घेऊन या माणसाने १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २९५ किलोमीटरहून अधिक वेगाचा विक्रम केला. पिस्टन तो घरीच ओतत असे आणि कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलमधून कोरून काढत असे. पण नीट पाहिलं तर मन्रो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल निवडणं म्हणजे भार सोसलेलं पोलाद निवडणं. मोडलेले भाग तो फेकून देत नसे, फळीवर मांडून ठेवत असे. मिठागरावर आजूबाजूला कुणी नसतं आणि जीव फक्त स्वतःचा पणाला लागलेला असतो. खंबाटकी घाटाच्या उतारावर मागून ट्रक येत असताना ती मुभा कुणालाच नाही.

चौथा आक्षेप पैशांचा, आणि तो गिऱ्हाइकाचा नसून मेस्त्रीचा आहे. महिनाभर एकाच कंपनीचे हजारो नग काढणाऱ्याने तुमच्या एका स्पेसरसाठी यंत्र का थांबवावं? जॉब चकमध्ये लावून काटा फिरवून मध्य साधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा कापण्यात जात नाही. एका नगासाठी ती सगळी तयारी एका नगाच्याच माथी बसते. आणि गिऱ्हाईक भाव करतं ते लोखंडाच्या वजनावर: ‘एवढ्याशा तुकड्याचे एवढे?’ असं ऐकल्यावर शहाणा मेस्त्री पुढच्या वेळी वेळ नाही म्हणतो, आणि ज्याला वेळ आहे तो कुणाच्या उपयोगाचा नसतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्यातूनच माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू निघते. विचारणारा मेस्त्री हवा असेल, तर उत्तरं देणारं गिऱ्हाईक असावं लागतं. हब, बेअरिंग, अ‍ॅक्सल, नट असे सगळे शेजारी भाग धुऊन, पुसून सोबत न्यावेत. ग्रीस आणि चिखलाने माखलेली वस्तू कुणालाही मोजता येत नाही. कुठला भाग कशात बसतो ते हातानेच का होईना, कागदावर काढून न्यावं आणि महत्त्वाची मापं वेगळी दाखवावीत. घाई करू नये. मोजण्याचे, विचार करण्याचे आणि जॉब लावण्याचे पैसे द्यावेत, आणि ते आनंदाने द्यावेत, कारण आपण विकत घेतो ती खरी वस्तू तीच आहे. असं वागणाऱ्या माणसासाठी भोसरीतला व्यस्त कारखानदारही रविवारी लेथ चालू करतो. चांगला मेस्त्री सापडत नाही असं म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्याच्या दारात चांगलं गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले होते, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रश्न विचारणाऱ्यालाच नकार देता येतो, आणि या धंद्यात नकाराला फार मोल आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे स्पष्टपणे अधोरेखित केलं. हौशी लोकांना हा जाच वाटतो. पण या नियमामागचा तर्क मघाच्या पाच खात्यांचाच आहे: ज्या रचनेची चाचणी झाली ती बदलली, तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. चासी कापून लांब करा, नंबराची पट्टी दुसरीकडे वेल्ड करा, हेडच्या नळीचा कोन बदला, अशा मागण्या घेऊन लोक येतात. त्यावर ‘हे मी करणार नाही, आणि तुम्हीही दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ नका,’ असं सांगणारा मेस्त्री आपलं गिऱ्हाईक गमावण्याची जोखीम पत्करतो. त्याचा ‘हो’ म्हणूनच विश्वासाचा असतो. ज्याच्या तोंडात कुठल्याच कामाला नकार नाही, त्याच्या होकाराचं वजन कसं करणार?

हे सगळं लिहिण्यामागे एक काळजीही आहे. १९५० पासून सुरू असलेल्या आयटीआयच्या कारागीर प्रशिक्षणात टर्नर हा दोन वर्षांचा स्वतंत्र ट्रेड आहे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने कारखान्यांत शिकाऊ मुलांना जागा मिळाली. त्या वाटेने आलेल्या हजारो माणसांनी साध्या लेथवर, काना-डोळ्यांनी आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून, धातू ओळखायला शिकून घेतलं. आज त्याच वाटेने येणारी मुलं बहुतेक सीएनसीवर जातात, जिथे तयार भाग चढवायचा, बटण दाबायचं आणि उतरवायचा. त्यांच्यात बुद्धी कमी नाही. त्यांना प्रश्न विचारायची संधीच मिळत नाही, कारण प्रश्न दुसऱ्या इमारतीत विचारून झालेले असतात. साध्या लेथवरची जाणती पिढी निवृत्त होते आहे. अशा वेळी एकेका गाडीसाठी एकेक भाग करून घेणारे हौशी लोक नकळत एक मोठं काम करत असतात. प्रत्येक भाग नव्याने समजून घ्यावा लागतो असं काम उरलंच नाही, तर ते समजून घेणारी माणसंही उरणार नाहीत. मनासारखी गाडी बांधण्याला मी निव्वळ चैन मानत नाही ते यामुळेच.

तेव्हा शोध सुरू करायचा तो लहान कामापासून. स्टेम किंवा क्रँक घेऊन पहिल्याच दिवशी जाऊ नये. एखादा स्पेसर किंवा बुश घेऊन जावं आणि तो माणूस काय करतो ते पाहावं. शेजारचा भाग मागतो का? लेथवरून नुकत्याच उतरलेल्या तापलेल्या जॉबवर मायक्रोमीटर लावतो, की थंड होऊ देतो? ६२ मिमीचं अ‍ॅल्युमिनियम चाळीस अंश जास्त गरम असेल तर ०.०५ मिमीहून मोठं दिसतं आणि सगळी सूक्ष्मता तिथेच वाया जाते. म्हणूनच १९३१ पासून जगभर मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस ठरलेलं आहे. तयार भागाचं प्रत्यक्ष माप लिहून देतो का? चुकलं तर लपवतो, की दुसरा करायला घेतो? एवढ्या कसोट्यांना जो उतरला, त्याला मग मोठं काम द्यावं, त्याच्या वेळेप्रमाणे थांबावं, आणि त्याने नको म्हटलेली गोष्ट सोडून द्यावी. भरवसा हा कुणाच्या नावावर आयता ठेवलेला नसतो. एकाने विचारायचं, दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगायचं, आणि दोघांनी मिळून मापाची जबाबदारी घ्यायची, अशा व्यवहारातून तो प्रत्येक भागागणिक उभा करावा लागतो. ज्याला एवढं करायचं नाही, त्याने कारखान्यातून आलेली गाडी आहे तशी आनंदाने चालवावी. तिच्यामागे पुष्कळ माणसांनी त्याच्या वतीने विचारून ठेवलेलं आहे. ज्याला स्वतःची गाडी बांधायची आहे, त्याने मात्र ते विचारण्याचं काम आता आपल्यावर आलं आहे हे मान्य करूनच मेस्त्रीच्या दारात पाऊल टाकावं.